खिडकींतील बाटली

आमच्या दिवाणखान्याला पूर्वेकडे एक मोठी खिडकी आहे. सकाळीं आठापासून साडेअकरापर्यंत तिच्यांतून ऊन आंत येतें, आणि तेवढ्या वेळांत खोलींतील ज्या वस्तूला आपलें रूप मिरवावयाचें असेल तिला तें यथेच्छ मिरवून घेतां येतें. त्या खिडकीच्या कठड्यावर बसावयास मिळणें हा आमच्या घरांतील सर्वोच्च मान आहे. माझ्या मुलीला शाळेंत मिळालेला एक चषक तेथें कित्येक वर्षें होता. पुढें तिच्या पदवीदान-समारंभाचें छायाचित्र आलें आणि चषकाला थोडें सरकावें लागलें. जानेवारी २०२३ मध्यें या दोघांनाही बाजूस सारून त्या जागीं एक तेलाची बाटली विराजमान झाली.

तेलाच्या बाटलीला एवढा मान मिळावा हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. आमच्या लहानपणीं तेलाची जागा स्वयंपाकघरांतील सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यांत असे. घाण्यावरून आणलेलें करडईचें किंवा शेंगदाण्याचें तेल पत्र्याच्या डब्यांत राही. त्या डब्याला बाहेरून तेलकटपणाचीं इतकीं पुटें चढलेलीं असत कीं, पाहुणा स्वयंपाकघराकडे वळतांच आई तो डबा पायानें आणखी आंत सरकवी. तेल ही दाखविण्याची वस्तु आहे ही कल्पना तिच्या स्वप्नांतही आली नसती. परंतु ही बाटली सामान्य नव्हती. ती स्पेनमधून आली होती. आणि मुख्य गोष्ट अशी कीं, ती आमच्या मुलीनें आणली होती.

ऑलिव्ह तेलाची आमच्या पिढीला ओळख होती ती औषधांच्या दुकानांतील चिमुकल्या डब्यांमुळें. तें तान्ह्या बाळाच्या अंगाला चोळावयाचें तेल. तें पोळीला लावून खातात हें ऐकून त्या वेळीं कोणालाही हसूंच आलें असतें. या झाडाचें एक नांव मात्र आपल्याकडे जुनेंच आहे. ज्याला आपण जैतून म्हणतों तो शब्द अरबींतून निघून फारसीच्या वाटेनें हिंदुस्थानांत आला. आणि तोच अरबी शब्द पश्चिमेकडे जाऊन स्पॅनिश भाषेंत त्या फळाचें नांव 'आसेतूना' व तेलाचें नांव 'आसेइते' असें झालें. माझी मुलगी कामानिमित्त ग्रानाडा शहरीं राहूं लागली तेव्हां ही शब्दांची भाऊबंदकी मीं मोठ्या हौसेनें शोधून काढली होती. मुलगी दूर गेली म्हणजे आईबाप तिच्या गांवाशीं असेंच कांहींतरी नातें जोडूं पाहतात.

बाटलीची कांच पारदर्शक होती, पण तिच्याभोंवतीं जाड काळ्या कागदाचें वेष्टन घट्ट गुंडाळलेलें होतें. तिच्याबरोबर अर्ध्या लिटरचा एक साधा पत्र्याचा डबाही होता. त्यांतलें तेल त्याच घाण्यावरचें, त्याच दिवशीं काढलेलें. "बाटली आधीं वापरा, डबा नंतर," असें मुलीनें निघतांना बजावलें, आणि 'उजेडांत ठेवूं नये. लौकर वापरावें' अशीं दोन वाक्यें एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी बाटलीच्या गळ्यांत अडकविली. ती परत गेल्याच्या दुसऱ्याच दिवशीं मीं तें काळें वेष्टन सोडवून टाकलें. कारण एवढेंच कीं, त्याच्यामुळें तेलाचा रंग दिसत नव्हता.

आणि रंग खरोखर पाहण्यासारखा होता! चैत्रांतल्या कोवळ्या पालवींत थोडें सोनें विरघळवावें तसा तो दिसे. सकाळचें ऊन बाटलींतून आरपार गेलें म्हणजे समोरच्या भिंतीवर एक हिरवा कवडसा पडे, आणि वर्तमानपत्र वाचतां वाचतां माझी दृष्टि दहा वेळां तिकडे जाई. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती बाटली दाखवीत असें. "आमच्या मुलीनें आणली. तिकडे यंदां दुष्काळ आहे, तेल महाग झालें आहे. तरी तिनें आणलें." हें सांगणें खोटें नव्हतें. २०२२ सालीं स्पेनमध्यें पाऊस इतका कमी झाला कीं, त्या हंगामांतील तेलाचें उत्पादन आदल्या हंगामाच्या निम्म्याहूनही खालीं गेलें. परंतु ती हकीकत सांगतांना माझ्या स्वरांत दुष्काळाचें दुःख नसे. दुर्मिळ वस्तूच्या मालकाचा थाट असे. बाटलीवरून बोलणें मुलीच्या शिष्यवृत्तीवर जाई, शिष्यवृत्तीवरून नोकरीवर, नोकरीवरून तिच्या घराच्या गच्चींतून दिसणाऱ्या बर्फाच्छादित डोंगरावर. पाहुणा चहा संपवून उठेपर्यंत मी बोलतच असें.

दर रविवारीं मुलीचा दूरध्वनि येई. ती विचारी, "तेल वापरतां ना?" मी म्हणें, "वापरतों तर!" पहिल्या खेपेस हें उत्तर मीं संकोचानें दिलें, पुढें तें सवयीनें बाहेर पडूं लागलें. एखाद्या रविवारीं ती म्हणे, "बाबा, इथे हिवाळ्यांत संध्याकाळीं फार एकटं वाटतं." त्यावर मी म्हणें, "अगं, परवां आपल्याकडे पाहुणे आले होते. तुझी बाटली पाहून ते काय म्हणाले, ऐक." आज हें लिहितांना मला माझा तो उत्साही आवाज जसाच्या तसा ऐकूं येतो आणि लाज वाटते. त्या वेळीं मात्र आपण मुलीचें मन रमवीत आहों असेंच मला वाटत होतें.

फेब्रुवारी २०२४ मध्यें, म्हणजे तब्बल तेरा महिन्यांनीं, ती घरीं आली. सामान खालीं ठेवण्यापूर्वींच तिची नजर खिडकीकडे गेली. बाटलीचें बूच जसेंच्या तसें होतें. त्यावरची मोहोरही फुटलेली नव्हती. "हिचा हिरवा रंग कुठे गेला?" तिनें विचारलें. मीं पाहिलें, आणि प्रथमच माझ्या लक्षांत आलें कीं, बाटलींतील तेल आतां फिकट पिवळें झालें आहे. रोज पाहत असल्यामुळें तें रोज थोडेंथोडें पालटत होतें हें मला कळलेंच नव्हतें. जी वस्तु माणूस सतत डोळ्यांसमोर ठेवतो तिच्याकडे तो हळूहळू पाहीनासा होतो, याचा असा प्रत्यय मला पूर्वीं आला नव्हता.

तिनें बाटली उघडली, एका वाटींत थोडें तेल ओतलें, वास घेतला आणि ती वाटी माझ्या नाकाशीं धरली. वास ओळखावयास कोणी रसायनशास्त्रज्ञ नको होता. जुन्या खोबऱ्याच्या वाटीला, दिवाळीनंतर दोन महिने डब्याच्या तळाशीं राहिलेल्या चिवड्याला जो वास येतो, तोच तो खवट वास. नंतर ती स्वयंपाकघरांत गेली आणि ओट्याखालच्या कपाटांतून तिनें तो पत्र्याचा डबा शोधून काढला. तो आम्ही जपून वगैरे ठेविला नव्हता. साफ विसरून गेलों होतों. डबा फोडला तों ताज्या कापलेल्या गवताचा आणि कच्च्या टोमॅटोचा वास दरवळला. चमचाभर तेल मीं तोंडांत घेतलें आणि घशांत मिऱ्यासारखा तिखट ठसका लागून मी खोकलों. "हा ठसका चांगल्या तेलाचा," ती म्हणाली. "थोडं मंदावलंय, पण जिवंत आहे."

माझी पत्नी केविलवाण्या स्वरांत म्हणाली, "इतकं महागाचं, म्हणून जपून ठेवलं गं आम्हीं." त्यावर मुलगी शांतपणें म्हणाली, "आई, जपून कुठे ठेवलंस? उन्हांत ठेवलंस." आणि थोड्या वेळानें माझ्याकडे न पाहतां ती म्हणाली, "बाबा, मीं तें दाखवायला आणलं नव्हतं. तुम्ही दोघांनीं खावं म्हणून आणलं होतं. आणि दर रविवारीं तुम्ही मला वापरतों म्हणून सांगत होतां." त्या दुपारीं घरांत कोणी फारसें बोललें नाहीं.

संध्याकाळीं तीच आपण होऊन माझ्याशेजारीं येऊन बसली, आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आकृत्या काढून बाटलींत काय घडलें तें मला समजावून सांगूं लागली. तिच्या सांगण्यांत मागाहून केलेल्या वाचनाची भर घालून तें येथें देतों.

तेल खवट होतें म्हणजे हवेंतील प्राणवायु त्याच्या रेणूंना चिकटतो. ज्या ठिकाणीं रेणूंत द्विबंध असतो तेथें त्याला शिरकाव मिळतो; तेथें प्रथम परॉक्साइडें तयार होतात, तीं पुढें फुटतात, आणि त्यांच्या बारीक तुकड्यांचा जो वास त्यालाच आपण खवटपणा म्हणतों. ऑलिव्ह तेलाचा फार मोठा भाग ओलेइक अम्लाचा असतो आणि त्यांत द्विबंध एकच असतो. म्हणून अंधारांत आणि थंड जागीं हें तेल बराच काळ टिकाव धरतें. शिवाय त्याच्या पदरीं रखवालदारही असतात. घशाला ठसका लावणारीं पॉलिफेनॉल द्रव्यें हे त्यांतले कांहीं; आणि दुसरा महत्त्वाचा रखवालदार म्हणजे ई जीवनसत्त्व. एक किलो चांगल्या तेलांत तें साधारणतः १०० ते ३०० मिलिग्रॅम असतें, आणि त्यांतलें जवळजवळ सर्व अल्फा-टोकोफेरॉल या प्रकारचें असतें.

मग बिघडतें कोठें? बिघडतें तें ज्या हिरव्या रंगावर मी लुब्ध झालों होतों त्या रंगामुळें. तो रंग फळांतून तेलांत उतरलेल्या हरितद्रव्याचा आणि त्यापासून झालेल्या तत्सम द्रव्यांचा. प्रकाश शोषून घेणें हा हरितद्रव्याचा जन्मसिद्ध धर्म आहे. बाटलींत कोंडल्यानें तो धर्म सुटत नाहीं. ऊन पडलें कीं तें जांभळे-निळे आणि तांबडे किरण शोषून घेतें. परंतु त्या शक्तीचें करावयाचें काय? पानांत असतें तर त्या शक्तीनें साखर घडविली असती. बाटलींत तसा कारखाना नाहीं. म्हणून तें ती शक्ति तेलांत विरघळलेल्या प्राणवायूला देऊन टाकतें. एरवीं प्राणवायु तसा आळशी. तेलाशीं त्याची झटापट मंद गतीनें चालते. परंतु ही उसनी शक्ति मिळतांच तो उन्मत्त होतो, आणि साध्या प्राणवायूपेक्षां हजारपटींहून अधिक वेगानें द्विबंधांवर तुटून पडतो. अशा वेळीं ओलेइक अम्लाच्या अंगच्या संथपणाचाही फारसा उपयोग होत नाहीं.

या धुमश्चक्रींत ई जीवनसत्त्व मध्यें पडतें. उन्मत्त झालेल्या प्राणवायूची ती जादा शक्ति तें आपल्या अंगावर घेतें आणि उष्णतेच्या रूपानें सोडून देतें. बहुतेक वेळां या खटपटींत त्याला इजा होत नाहीं. पण प्रत्येक वेळीं तें सुखरूप सुटतेंच असें नाहीं. केव्हां तरी प्राणवायु त्यालाच चिकटतो, आणि तो रेणु कायमचा कामांतून जातो. एक गेला, दुसरा गेला. खिडकींत रोज साडेतीन तास हा क्रम चालतो. बाटलींत नवी कुमक येण्याची सोय नाहीं. म्हणून उजेडांत ठेविलेल्या तेलांतील ई जीवनसत्त्व कांहीं आठवड्यांतच घटूं लागतें आणि महिनोन्महिने घटत जातें. यांतील मर्माची गोष्ट अशी कीं, रखवालदार आधीं पडतो आणि चोरी मागून उघडकीस येते. आपल्या नाकाला खवट वास येऊं लागतो त्या वेळेपर्यंत त्या जीवनसत्त्वाचा मोठा भाग केव्हांच खर्ची पडलेला असतो. सरतेशेवटीं हरितद्रव्यही त्याच उजेडानें विटतें, आणि पाहणाऱ्याला वाटतें कीं तेल आतां अधिकच नितळ झालें!

या जीवनसत्त्वाच्या नांवाची कथा वाचतांना मी क्षणभर थबकलों. १९२२ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेंत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना असें आढळलें कीं, विशिष्ट आहारावर ठेविलेल्या उंदरांच्या माद्या धष्टपुष्ट होत, गर्भवतीही होत. परंतु गर्भ पोटांतच जिरून जाई. त्यांना लेट्यूसचीं पानें किंवा गव्हाचा अंकुर दिला कीं पिल्लें सुखरूप जन्मत. पुढें १९३६ मध्यें इव्हान्स आणि त्याचे सहकारी यांनीं गव्हाच्या अंकुराच्या तेलांतून तें द्रव्य वेगळें काढलें, आणि एका ग्रीक भाषेच्या प्राध्यापकाला विचारून त्याला टोकोफेरॉल हें नांव दिलें. 'टोकोस' म्हणजे प्रसूति किंवा अपत्य, आणि 'फेरेइन' म्हणजे वाहणें, धारण करणें. अपत्याला तोलून धरणारें द्रव्य! मुलीनें दिलेलें तेंच द्रव्य आम्हीं खिडकींत ठेवून तिच्याच कौतुकापायीं जाळून टाकलें होतें.

आमच्या प्रकृतीची यामुळें कांहीं फार मोठी हानि झाली असें मात्र कोणीं समजूं नये. मोठ्या चमचाभर ऑलिव्ह तेलांत हें जीवनसत्त्व सुमारें २ मिलिग्रॅम असतें, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज १५ मिलिग्रॅम धरतात. बदाम, सूर्यफुलाच्या बिया, आणि आमच्या आईच्या कळकट डब्यांतलें तें करडईचें तेलही या बाबतींत ऑलिव्हहून श्रीमंत आहे. तेव्हां हानि झाली ती जीवनसत्त्वाच्या हिशेबांत बसणारी नव्हती. तेरा महिने एक मुलगी समजत होती कीं, आपल्या आईबापांच्या ताटांत रोज आपला एक चमचा आहे. आणि तसें नव्हतें.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तिनें आम्हां दोघांना तिकडे बोलावलें, आणि हंगाम पाहण्यासाठीं हाएन प्रांतांत नेलें. ग्रानाडापासून तासाभराचा रस्ता. पण त्या तासांतील बऱ्याच भागांत ऑलिव्हच्या झाडांवांचून दृष्टीला दुसरें कांहीं पडत नाहीं. टेकड्यांवर, उतारांवर, ओढ्यांच्या कांठीं, रुपेरी-हिरव्या पानांचीं ठेंगणीं झाडें ओळींनीं उभीं. एकट्या त्या प्रांतांत अशीं सहा कोटींहून अधिक झाडें आहेत. झाडांखालीं जाळीं पसरून माणसें लांब काठ्यांनीं आणि थरथरणाऱ्या यंत्रांनीं फळें पाडीत होतीं. आपल्याकडे चिंचा झोडपतात त्याची मला आठवण झाली. सुमारें पांच किलो फळांतून एक लिटर तेल निघतें हें ऐकल्यावर माझ्या बाटलीचें वजन माझ्या मनावर एकदम वाढलें.

ज्या घाण्यावरून आमचें तेल आलें होतें तेथेंही आम्ही गेलों. आतां तेथें दगडी जातें केवळ शोभेला अंगणांत ठेविलें आहे. दळणें, मळणें आणि गरगर फिरवून तेल वेगळें काढणें हीं सर्व कामें पोलादी यंत्रें करतात. मला नवल वाटलें तें तळघराचें. एवढी श्रीमंती जेथें साठविली आहे त्या दालनाला एकही खिडकी नव्हती. पोलादाच्या उंच टाक्या अंधुक प्रकाशांत उभ्या होत्या, आणि तेलाच्या पृष्ठभागाला प्राणवायूचा स्पर्श होऊं नये म्हणून वरच्या मोकळ्या जागेंत नायट्रोजन वायु भरला होता. घाण्याच्या वृद्ध मालकानें विचारलें, "गेल्या वेळचें तेल कसें होतें?" मुलगी दुभाष्याचें काम करीत होती. तिनें माझ्याकडे पाहिलें. रविवारचें तें उत्तर माझ्या जिभेवर तयार होतें. पण या वेळीं मीं तें गिळलें आणि खरें तें सांगितलें: मीं कागद काढला, बाटली खिडकींत ठेविली, तेल वायां गेलें.

तो हसेल अशी माझी अपेक्षा होती. तो हसला नाहीं. "कागद सगळेच काढतात," तो म्हणाला. "मग पारदर्शक बाटली विकतां तरी कशाला?" असें मीं विचारल्यावर त्यानें खांदे उडविले. "काळ्या बाटलीला गिऱ्हाईक हात लावीत नाहीं. त्याला रंग पाहावयाचा असतो. म्हणून मी कांच देतों, आणि वर कागद देतों. त्यापुढें त्याचें नशीब." मग त्यानें फडताळांतून गर्द निळ्या कांचेची एक बुटकी वाटी काढली आणि तिच्यांत नवें तेल ओतलें. आंतला रंग मुळींच दिसत नव्हता. तेलाची परीक्षा करणारे लोक मुद्दाम अशाच रंगीत कांचेंतून तेल चाखतात. तेल २८ अंशांपर्यंत कोमट करतात, वास घेतात, घोट घेतात, आणि मगच निवाडा देतात. रंगाला त्यांच्या पंक्तींत पान नाहीं, कारण हिरवें दिसणारें तेल उत्तम असतेंच असें नाहीं आणि पिवळें दिसणारें वाईट असतेंच असेंही नाहीं. जे जाणते आहेत ते पाहण्याचा मोह टळावा म्हणून आपल्याच डोळ्यांवर पडदा ओढून घेतात. मी अजाण, म्हणून केवळ पाहत बसलों होतों.

याच प्रदेशांतील तेल दोन हजार वर्षांपूर्वीं मातीच्या मोठ्या रांजणांतून रोमला जात असे. एकेका रांजणांत सुमारें ७० लिटर तेल मावे. रिकाम्या रांजणांच्या मातींत मुरलेलें तेल खवट होई, म्हणून ते पुन्हां वापरीत नसत, असें पुराणवस्तुसंशोधक मानतात. रोम शहरांत त्यांच्या खापऱ्यांची सुमारें ३५ मीटर उंचीची एक टेकडीच आजही उभी आहे. त्या व्यापाऱ्यांना हरितद्रव्याचें शास्त्र ठाऊक नव्हतें, आणि आमच्या आईलाही नव्हतें. परंतु मातीचा रांजण काय, लोणच्याची चिनी मातीची बरणी काय, आणि कोपऱ्यांत ढकललेला पत्र्याचा डबा काय, या सर्वांनीं तेलाला आडोसा दिला होता. तेल दाखवावेसें वाटूं लागलें तें कांच स्वस्त झाल्यावर.

येथें कोणी म्हणेल, तर मग मोलाची वस्तु अंधारांत दडवून ठेवावी हाच या गोष्टीचा बोध. तसें म्हणावयास माझें मन धजत नाहीं. विसरलेल्या डब्यांतील तेल चांगलें राहिलें हें खरें, परंतु तें "थोडं मंदावलंय" असें मुलगी म्हणालीच होती. ऑलिव्ह तेल हें द्राक्षासव नव्हे. तें मुरत नाहीं, नुसतें म्हातारें होतें. पत्र्याच्या डब्यांतही वर्ष-दीड वर्षानंतर त्याचें तेज ओसरतें. अंधार तेलाला अवधि मिळवून देतो. त्या अवधींत तें पोळीला लावलें, भातावर घातलें, कोणाच्या तरी अंगीं लागलें, तर तो अवधि सार्थकीं लागला. चिठ्ठीवर वाक्यें दोन होतीं. मीं पहिलें पाळलें नाहीं याची रुखरुख मला होतीच; दुसरेंही पाळलें नव्हतें हें समजावयास मला स्पेनपर्यंत जावें लागलें.

बिघडलेल्या तेलाचें पुढें काय झालें हेंही सांगून टाकतों. पत्नीला एकदां वाटलें कीं, तें समईंत घालावें. पण खवट तेल देवापुढें जाळावयास तिचें मन घेईना. सरतेशेवटीं तें घरांतल्या दारांच्या बिजागऱ्यांना आणि लोखंडी तव्यांना मिळालें. त्या वर्षीं आमच्या घरांत एकही दार कुरकुरलें नाहीं. कुरकुर करण्याचा अधिकार जिला होता ती मुलगीही पुन्हां त्याविषयीं कांहीं बोलली नाहीं. आतां तिच्याकडून लहानसा डबा येतो, ओट्याखालीं जातो आणि दोन-तीन महिन्यांत संपतो. रविवारीं तिनें विचारलें तर आम्ही काय जेवलों तें सांगतों. आणि ती एकटें वाटतें म्हणाली, तर मी पाहुण्यांची गोष्ट काढीत नाहीं. "काय झालं, सांग," एवढेंच म्हणून गप्प राहतों. हें गप्प राहणें मला अजून नीट साधत नाहीं. पण ती पूर्वींपेक्षां अधिक वेळ बोलते.

ती रिकामी बाटली पत्नीनें गरम पाण्यानें आणि सोड्यानें स्वच्छ धुतली, पाणी भरलें आणि तिच्यांत मनी प्लँटची एक फांदी खोंचली. ती आतां पुन्हां त्याच कठड्यावर आहे. रोज सकाळीं तेंच ऊन तिच्यावर पडतें, आणि समोरच्या भिंतीवर पुन्हां हिरवी सावली हलते. आरंभीं मला त्या हिरवेपणाचें भय वाटलें. मग मुलीनें सांगितलें कीं, पानांतही हरितद्रव्य आहे, प्राणवायु आहे आणि ऊन आहे. तो उन्मत्त प्राणवायु तेथेंही जन्मतो. तेथेंही त्याला आवरावयास ई जीवनसत्त्वच उभें असतें. फरक इतकाच कीं, पान जिवंत आहे. त्याची मुळें पाण्यांत आहेत, आणि जें जीवनसत्त्व आज खर्ची पडलें तें पान पुन्हां घडवितें. बाटलींतल्या तेलाजवळ फक्त झाडानें निघतांना दिलेली शिदोरी होती.

परवां एका पाहुण्यानें विचारलें, "ही बाटली कुठली हो? कांच मोठी सुरेख आहे." मी सांगावयास तोंड उघडलें, मग म्हटलें, "स्पेनची. मुलीनें तेल आणलं होतं तिच्यांतून." आणि चहा थंड होतो आहे असें म्हणून मीं कप त्यांच्या हातांत दिला.